दसऱ्याला पुजलेला की-बोर्ड

मंगलताई आत्ताच दुकानातून गेल्या. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाय तर मला चैन पडणार नाय, म्हणून सोल्डरिंग बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

नारायणगावात शेठच्या दुकानात मी टीव्ही, टेप दुरुस्त करतो. गेल्या दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी राजुरीच्या मंगलताई आल्या. पिशवीतून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम काढला. पण राव, त्याच्यासोबत कॉम्प्युटरसारखा अख्खा की-बोर्ड! गेमच्या डब्याला वायरनं जोडायचा. कॅसेट घातली की टीव्हीवर वरून अक्षरं पडतात. खाली पोचायच्या आत तेच बटण दाबायचं.

"भाऊ, डावीकडची चार बटणं मेली. ए, एस, डी, एफ. परवा माझी टायपिंगची परीक्षा हाय."

शेठ मूळचे राजस्थानचे, पण मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. मला म्हणाले, "पोरांचं खेळणं हाय ते, ठिव बाजूला. आधी पाटलांचा टीव्ही घे, उद्या मॅच हाय."

"शेठ, तुमाला खेळणं," ताई म्हणाल्या. "क्लासात टाइपरायटर एकच तास मिळतो. बाकी समदा सराव ह्याच्यावर. पास झाले तर पतसंस्थेत जागा हाय. नाय तर दुसरीला घेत्यात."

शेठनी पेपर उघडला. मी स्क्रू काढले.

आत सगळं पिवळं! हळद, कुंकू, दोन अक्षता.

"ह्ये काय, ताई?"

"सासूबाईंनी दसऱ्याला पुजला. कोयता, शिलाई मशीन आन ह्यो. म्हणल्या, ह्ये तुजं हत्यार. वर फुलानं पाणी शिंपडलं."

आता की-बोर्डच्या आत असतं काय? दोन पातळ प्लॅस्टिकचे कागद, त्यांच्यावर काळ्या कार्बनच्या रेघा. बटण दाबलं की वरची रेघ खालचीला टेकते आणि मशीनला अक्षर कळतं. इथं मधे हळदीची खपली बसलेली. टेकणार कसं?

मी शहाणा. घेतला थिनरचा बोळा आणि घासला. हळद गेली. रेघ पण गेली! कार्बनची शाई थिनरनं निघते हे मला चांगलं ठाऊक होतं. घाईत विसरलो.

"आता?" ताईंचा आवाज एवढासा झाला. "क्लास तर परीक्षेपर्यंत बंद हाय."

माझे कान तापले. पळत टपरीवर गेलो आणि सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घेऊन आलो, त्यातनं करंट जातो.

"माझ्या दुकानात सिगारेट?" शेठ ओरडले.

"नुसता कागद हाय, शेठ."

"मग बाहेर उभा ऱ्हाऊन काप!"

पायरीवर उभं राहून दोऱ्यासारखी पट्टी कापली. पुसलेल्या रेघेच्या जागी ठेवली, टेप मारला. ए दाबलं तर ए आणि क्यू दोन्ही उमटले. पट्टी शेजारच्या रेघेला टेकत होती. अजून बारीक कापली. या खेपेला ए म्हणजे ए!

दुकानातल्या टीव्हीला गेम लावला. ताईंनी बोटं ठेवली, आणि पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. मान टीव्हीकडं, हातांकडं बघणंच न्हाई! अक्षरं पडायची, ह्या मधेच उडवायच्या. अक्षरांचा वेग वाढला, बोटांचा पण वाढला. पाटील टीव्ही न्यायला आलेले, ते टीव्ही विसरून उभे. शेठनी पेपर उचलला आणि ताईंच्या हातांवर आडवा धरला. बोटं दिसेनात, नुसता टकटक आवाज. एक अक्षर खाली पोचलं नाय. एक पण नाय, राव! मी रोज मशिनी उघडतो, पण असलं कधी बघितलं नव्हतं.

"ताई," शेठ हळूच म्हणाले, "ह्ये खेळणं न्हाई."

आत्ता त्या पेढे घेऊन आल्या होत्या. पास झाल्या, पतसंस्थेत बसायला लागल्या.

"आन ह्या दसऱ्याला?" मी विचारलं.

"सासूबाई ऐकायच्या न्हाईत. पुजणार. मी आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठिवते."

यातून मी शिकलो ते एवढंच: पूजा पिशवीवरून करा, आणि थिनरच्या बाटलीला हात लावायच्या आधी दहापर्यंत मोजा.

तुमच्या घरात दसऱ्याला पुजून काय बंद पडलंय? खरं सांगा, मी एकटाच असली मशीन उघडून बसलो नसणार!