सव्वा महिना

ती आमच्याकडे आली तेव्हा तिला सहावा महिना होता आणि काखेत तुरीचं गाठोडं होतं. फाटकातच म्हणाली, "वैनी, फुकटचं नाही खाणार मी." मला रागच आला. मी म्हटलं, "आधी पाय धू, मग मानापमानाचं बघू."

बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. आम्ही शहरात, सक्करदऱ्याला राहायचो. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, हे रेल्वेत कारकून. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. उपास झाले, डॉक्टर झाले, कोणी सांगेल ते सगळं झालं. ती यांच्या मित्राची बहीण, उमरेडकडच्या खेड्यातली. तिचा नवरा तापानं गेला तेव्हा तिला दिवस गेलेले होते आणि पदरात एक मुलगी होती. भाऊ म्हणाला, या दोघींना मी सांभाळतो, तिसरं काही झेपायचं नाही, झालं की तुम्ही घ्या. ती हो-नाही काहीच म्हणाली नाही. मुलगी मामापाशी राहिली, ती बाळंतपणाला आमच्याकडे आली. मी मात्र त्याच दिवशी कुंची शिवायला घेतली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक नर्सबाई राहायच्या. दवाखान्यातली नोकरी संपली होती, पण आवाज तसाच खणखणीत. बाळंतपण त्याच करणार होत्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"ऐक वं पोरी," त्या तिला म्हणाल्या, "लेकरू पोटात आहे तोवर कोणाले शब्द द्यायचा नाही. आधी बाळंत हो. त्याचं तोंड पाहा, त्याले पाज. सव्वा महिना झाला, विहीर पूजली, की मग सांग. द्यायचं असलं तर मनानं दे, भाकरीच्या भेवानं देऊ नको. नवऱ्याचा हिस्सा हाये ना वावरात? तो माग."

मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू वं मास्तरीणबाई, जे खाऊ घालशील ते तिच्यापाशी परत मागू नको."

माझ्याच घरात, माझ्याच चहाचा कप हातात धरून ही बाई मलाच शिकवून राहिली होती. मी धुसफुसत कप विसळले. रात्री यांना म्हटलं, "पाजलं की सुटेल का ते लेकरू तिच्याच्यानं? कोणी आपल्या पायावर असा धोंडा पाडून घेते का?" हे म्हणाले, "ओढून आणलेलं लेकरू मला नको." आणि रविवारी तिच्या भावाला घेऊन तिच्या दिराकडे गेले, शेतातल्या हिश्श्याचं बोलायला. दीर आधी गुरगुरला, मग कबूल झाला. हे घरी आल्यावर मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सातव्या महिन्यात मी शेजारी जाऊन म्हणाले, हिची ओटी भरायची आहे, या. शेजारणीनं तोंडाला पदर लावला. विधवेची ओटी कोणी भरते का? आणि वर म्हणाली, "भरणार कोण? तू?" म्हणजे मी वांझ. ते काही ती बोलली नाही, पण मला काय समजत नव्हतं? घरी येऊन मी दार लावलं, तिला पाटावर बसवलं आणि गहू, नारळ, हिरवा खण तिच्या ओटीत घातला. मला कोणाची ओटी भरायची बंदी, तिला भरून घ्यायची बंदी. दोघी बंदीवाल्या. ती हुंदके देऊन रडली. मग एकदम म्हणाली, "वैनी, बोरं खावीशी वाटून राहिली." मी शाळेतून येताना रोज पिशवीभर बोरं आणायला लागले.

मुलगा झाला. काळासावळा, डोक्यावर जावळ हे एवढं. ती पाजायची, बाकीचं सगळं माझं. सकाळी पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, वेखंड लावायचं, धुरी द्यायची. तिच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, डिंकाचे लाडू वळायचे. तो रडायला लागला की ती म्हणायची, "घ्या वैनी, तुमच्यापाशीच चूप बसते." खरंच बसायचा. माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरायचा आणि झोपायचा. शाळेत फळ्यावर लिहिताना माझ्या हाताला त्याच्या तेलाचा वास यायचा, आणि घंटा कधी होते असं मला होऊन जायचं. मनातल्या मनात मी त्याला शाळेतसुद्धा घातलं होतं.

नर्सबाईंनी सांगितलेलं आम्ही दोघींनी पाळलं. देण्याघेण्याचा शब्द कोणी काढला नाही. पण ती त्याला पाजताना मी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि मी त्याला न्हाऊ घालताना ती माझ्याकडे बघायची.

सव्वा महिना झाला. आमच्या अंगणातल्या विहिरीपाशी मी हळदकुंकू, फुलं, घुगऱ्या मांडल्या. नर्सबाई आल्या, हे दारात उभे राहिले. नर्सबाईंनी ठरवून दिलं होतं की द्यायचं असलं तर विहीर पूजून झाल्यावर ती लेकरू माझ्या ओटीत घालेल. मी ठेवणीतलं लुगडं नेसले होते. लेकरू माझ्याच मांडीवर होतं, मी शिवलेल्या कुंचीत. तिनं विहिरीला हळद वाहिली, बाळंतपणानंतरची पहिली बादली शेंदली. मग पदराला हात पुसत माझ्यासमोर आली. माझ्या ओटीत घालायला आधी तिला तो माझ्या मांडीवरून उचलावा लागला.

तिनं त्याला छातीशी धरलं. म्हणाली, "वैनी, तुमी माह्या जागी असत्या, त देलं असतं का?"

"मला काहून विचारतेस? नर्सबाईंना विचार."

"त्यायले नाही. तुमालेच विचारून राहिली."

  मला एकच वाक्य बोलायचं होतं, 'आमच्याकडे सुखात वाढेल', आणि ते खोटंही नव्हतं. पण तिनं ते विचारलंच नव्हतं. मी पदर हातात धरलेला होता. तो सोडून दिला.

"नसतं दिलं," मी म्हणाले. "जीव गेला असता तरी नसतं दिलं."

ती खाली बसली आणि कुंचीत तोंड खुपसून रडली. मी उठले आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या, कारण कोणीतरी वाटायलाच पाहिजे होत्या.

चार दिवसांनी भाऊ न्यायला आला. कुंची, दुपटी, लाडवांचा डबा, सगळं मी बांधून दिलं. निघताना तिनं आपल्या गाठोड्यातली उरलेली तूर ओंजळीत घेतली आणि भीतभीत म्हणाली, "मी भरली त चालते का?" मी म्हटलं, "भर. मला काय होते?" तिनं माझी ओटी भरली. सायकलरिक्षा वळणापर्यंत गेली तरी मी पदरात तूर धरून फाटकात उभी होते. तो रडत होता. नेहमीप्रमाणे माझा हात पुढे झाला आणि थोडी तूर रस्त्यावर सांडली.

दर संक्रांतीच्या सुमाराला तिच्याकडून नवी तूर येत राहिली. तो शाळेत जायला लागला, असं एकदा भावानं सांगितलं. मी त्याला भेटायला कधी गेले नाही. गेले असते तर परत आलेच नसते.

ती गेली त्या संध्याकाळी नर्सबाई माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मन लहान करू नको वं. दुसरं लेकरू पाहू आपण."

मी म्हटलं, "नर्सबाई, सव्वा महिन्याआधी म्हटलं असतं तर कोणतंही चाललं असतं. आता मला तेच पाहिजे."