शालूची बोली आणि तीन लेकरं

शालू माझी धाकटी जाऊ. शेतावर कंपन्या उभ्या राहिल्या, तसं खुरपं ठेवून तिनं घरातच पाळणाघर काढलं. हिंजवडीत सगळ्यांना कामावर जायची घाई, त्यामुळे बरं चाललं. एक पोरगं तेलुगू, एक बिहारचं, आणि शनिवार पेठेतून इथं राहायला आलेल्या तनुजाची पूर्वा. तिघंही शालूसारखीच बोलायला लागली.

एके सकाळी तनुजा दारातच थांबली. "शालूताई, पूर्वा घरी 'भूक लागलीया' म्हणते. उद्या शाळेत हसतील तिला. तुम्ही तिच्याशी नीट बोला, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

तिचं खोटं नव्हतं. शालूची लेक कॉलेजात 'आहे'ला 'हाय' म्हणाली, तर पोरी हसल्या. पुढं वर्गात तिनं तोंडच उघडलं नाही. शालू तनुजाला म्हणाली, "शिकते की."

दुपारी पूर्वापुढं ताट ठेवून बोलली, "आपण आता जेवून घ्यावे."

पोरीनं भोकाड पसरलं. पेठेतल्या आया रागावल्या की लेकरांना अहो-जाहो करतात, हे आम्हा गावच्यांना काय ठाऊक! तिचं बघून बाकीची दोघंही रडली. ताटं तशीच.

मी म्हटलं, "तू मुकीच रहा बाई, तेवढंच शुद्ध."

शालू हसली नाही. संध्याकाळी तनुजाला उंबऱ्यातच म्हणाली, "मॅडम, पूर्वा आज उपाशी हाय. शाळेची भाषा पायजेच, मी न्हाई म्हणत न्हाई. पर ह्या तिघांना एकमेकांशी खेळाय माझीच बोली हाय. ती मी काढून घेनार न्हाई. भरवताना, निजवताना अशीच बोलनार. तुमच्या भाषेतली पुस्तकं शनिवारी तुमी येऊन वाचा. मीबी ऐकते. न्हाई पटलं तर खुशाल दुसरं घर बघा."

"शनिवारी? अहो, तेवढाच एक दिवस झोप मिळते मला!"

"मग रविवारी या."

तनुजा पूर्वाला उचलून निघून गेली. गिऱ्हाईक गेलं, असं मी धरून चालले. शालूनं मात्र शनिवारी बाकीच्या दोघांनाही बोलावलं, सतरंजी झटकून अंथरली.

तनुजा पूर्वाला घेऊन आली, झोपाळलेल्या डोळ्यांनी. वाचायला लागली. अरण्यात सिंह राहत होता म्हणे.

"अरण्य म्हंजी?" बिहारचं पोरगं.

"रान हाय, रान," पूर्वा म्हणाली.

तनुजानं पोरीकडं पाहिलं, मग शालूकडं. शालूनं नजर खाली घातली नाही.

"हं," म्हणाली तनुजा, आणि पान उलटलं.