व्हय म्हणजे ऐकतोय

दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करण्यात माझी वर्तमानपत्रातली नोकरी संपली. त्यामुळे 'मोबाईलवर बातमी कशी करायची' हे शिकवायला एका संस्थेनं मला बोलावलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसली ती बायको. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी आजही माणसांची डोकी कापलेले फोटो टाकतो. तरी गेलो. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी आमचा वर्ग भरायचा. खालून भौतिकशास्त्र ऐकू यायचं आणि वर आम्ही हक्कांबद्दल बोलायचो. गावोगावची माणसं यायची. आपल्या गावात कुणावर अन्याय होत असेल तर तो फोनवर नीट टिपायचा आणि योग्य ठिकाणी पोचवायचा, एवढंच शिकायचं होतं.

पहिला धडा परवानगीचा. समोरच्या माणसाचा होकार घ्यायचा, आणि तोही रेकॉर्ड करायचा. त्यासाठी मी एक वाक्य स्वतः घडवलं होतं. 'आपले निवेदन समाजमाध्यमांवर प्रसारित करण्यास तसेच शासकीय यंत्रणेकडे पाठविण्यास आपली संमती आहे काय?' फळ्यावर लिहून झाल्यावर मी जरा मागं सरून त्याच्याकडं बघितलं होतं, हे सांगून टाकतो.

गडहिंग्लजकडच्या एका गावातली अंगणवाडी मदतनीस वर्गाला यायची. तिनं एकदा व्हिडिओ आणला. तिच्या गल्लीतल्या एका बाईचा. त्या बाईच्या थोरल्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, म्हणून भावकीनं घर वाळीत टाकलेलं. कुणी बोलायचं नाही, कुणी त्यांच्या घरी चहा प्यायचा नाही. गावातली गिरणी त्यांचं दळण घेत नाही. गिरणीवाला सरळ नाही म्हणत नाही, पट्टा तुटलाय म्हणतो. म्हणून बाई दळणाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं शेजारच्या गावाला जाते. उंबऱ्यात बसून शेंगा फोडत ती हे सांगत होती. आणि 'पट्टा तुटलाय म्हणं' असं ती म्हणत असताना मागून गिरणीची घरघर स्वच्छ ऐकू येत होती.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतका बोलका पुरावा माझ्या टेबलावर आला नव्हता. परवानगीही होती. मदतनिसीनं माझं वाक्य पाठ करून, एका अक्षराचीही चूक न करता विचारलेलं, आणि बाईनं व्हय म्हटलेलं. मी व्हिडिओ घरी आणला, संध्याकाळी पुढं-मागं कापून नीट केला आणि पाठवण्याआधी बायकोला दाखवला. खरं म्हणजे कौतुक करून घ्यायला.

बायको त्याच भागातली. भाजी निवडता निवडता तिनं पहिलाच तुकडा परत लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा.

"ही व्हय कुठं म्हणतीया?" ती म्हणाली.

मी म्हटलं, चांगलं दोन-तीनदा म्हणतेय की.

"इचारणाऱ्या पोरीचं वाक्य संपायच्या आधीच म्हणतीया. 'आपले निवेदन', व्हय. 'समाजमाध्यमांवर', व्हय. ती ऐकतीया नुसती. तुम्ही न्हाय का दिवसभर मला व्हय व्हय करता? सिलिंडर सांगा म्हटलं, व्हय. सांगितला?"

सिलिंडर सांगितला नव्हता.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. 'संमती' हा शब्द येईपर्यंत बाईचं व्हय म्हणून संपलंही होतं. त्या शब्दाला तिनं फक्त एक शेंग फोडली होती. आमच्याकडं समोरचा बोलत असताना व्हय म्हणत राहिलं नाही तर त्याला वाटतं आपलं लक्ष नाही. हे मी जन्मापासून जाणतो. फळ्यावरच्या वाक्यापुढं ते मला दिसलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मदतनिसीला घेऊन त्या बाईकडं गेलो. ती जरा बावरली. "या पावणं," म्हणाली आणि पटकन रस्त्याकडं बघून आली. तिला तिचाच व्हिडिओ दाखवला. गिरणीचा आवाज आला तशी ती हसली. "ऐका की, पट्टा तुटलेली गिरणी." मग मी माझं छापील वाक्य बाजूला ठेवलं आणि हे गावाबाहेर गेलं तर कोण कोण बघेल ते एकेक करून सांगितलं. अधिकारी बघतील. जिल्ह्यातले लोक बघतील. फोनवरून फिरत फिरत ते या गावातही येईल, तुमची भावकीही बघेल. या खेपेला तिनं एकदाही व्हय म्हटलं नाही.

उंबऱ्यात पडलेली शेंगांची टरफलं तिनं पदरात गोळा केली.

"न्हाय," ती म्हणाली. "धाकटी दहावीला हाय. वर्गातली एकच पोरगी तिच्याशी बोलती, ती बी चोरून. हे दिसलं की त्या पोरीचं आईबाप तिचं बोलणं बंद करतील. परीक्षा हू द्या. मी सांगंन तवा पाठवा. तवर न्हाय."

कायदा तुमच्या बाजूनं आहे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण कायदा काही धाकटीच्या शेजारी बाकावर बसणार नव्हता. मी म्हटलं, बरं.

मग तिनं चहा टाकला. मदतनीस त्याच गावात राहणारी. तिनं उघड्या दारात, सगळ्या गल्लीला दिसेल असं बसून तो पिला. मी माझा पिऊन टॉवरची रेंज बघत होतो. त्या चहानं काय मोडलं होतं ते मला एसटीत बसल्यावर कळलं.

ते वाक्य मी फळ्यावर परत लिहिलं नाही. आता वर्गात सांगतो, ज्याला व्हय म्हणून भागणार नाही असं विचारा. हे कुणी बघितलेलं चालेल आणि कुणी बघितलेलं चालणार नाही, ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. माझ्या फोनची जागा भरली म्हणून रोज सूचना येते. भाच्यांच्या लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ मी पुसत चाललोय, आणि त्यावरून बहिणीशी एक भांडणही झालंय. तो व्हिडिओ मात्र तसाच आहे.

बाईचा अधूनमधून फोन येतो. परीक्षा अजून व्हायची आहे. परवा धाकटीच्या गणिताबद्दल सांगत होती, त्या मैत्रिणीनं वही दिली म्हणून खुशीत होती. मी मन लावून ऐकत होतो. मधेच ती थांबली.

"पावणं, नुसतं व्हय व्हय करू नकासा. काय तर बोला की."