नव्या कॉम्प्युटरवर माझा जुना मॅक्रो

मंडळी, मी इथे जबलपूरला एका वकिलांकडे टायपिंग करते. आज ऑफिसात विंडोजच्या जागी लिनक्सचा कॉम्प्युटर आला आणि माझा मॅक्रो बंद पडला. एक बटण दाबलं की तो शपथपत्राचा अख्खा साचा मांडायचा.

वकीलसाहेब म्हणाले, "छोडो दीदी, हातानंच टाइप करा."

"काहून जी? इथंही चालवून दाखवते."

मॅक्रो उघडून ओळ न् ओळ वाचली. मॅक्रो म्हणजे एकदा करून दाखवलेल्या टायपिंगचं रेकॉर्डिंग; ते करताना मी मथळा चुकीचा टाइप करून खोडला होता, तेही त्यात होतं. म्हणजे इतकी वर्षं कॉम्प्युटर दर शपथपत्रात आधी माझी चूक करून राहिला होता, मग खोडून राहिला होता. वेगात कोणाला दिसलंच नाही.

तेवढं गाळून बाकीचं लिनक्सला समजेल असं नव्यानं लिहिलं. संध्याकाळी पहिलं शपथपत्र निघालं.

तुमच्या कामातही पहिल्या दिवसाची एखादी चूक अजून रोज होऊन राहिली आहे का?