तांब्याच्या घागरीतलं पाणी

धाराशिवला बीएस्सीला आलो तेव्हा एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी मागची खोली मिळाली. त्यांना मी काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. बदल्यात बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची देखभाल करायची. तिच्यात जिवंत प्रवाळ, कोळंब्या, गोगलगायी आणि नारिंगी मासे होते. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडणार नाही. मीही पाहिलेला नव्हता. कदाचित म्हणूनच मला त्या टाकीचा लळा लागला.

काकूंनी आधी आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध. त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा उंबरा मला बंद झाला.

टाकीतलं पाणी उडून कमी होतं, तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं. आधी काका फिल्टरच्या नळालाच कॅन लावायचे. मी आल्यावर काकू ते पाणी देवघराजवळच्या तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवू लागल्या आणि सकाळी उंबऱ्याच्या आतून, उंचावरून, माझ्या कॅनमध्ये ओतू लागल्या. म्हणायच्या, "घालणारा तू आहेस, निदान पाणी तरी शुद्ध असू दे."

मी कॅन धरून उभा राहायचो.

मग कोळंब्या मेल्या. गोगलगायी काचेवरून सुटून उलट्या पडल्या. प्रवाळ आक्रसून पांढरे पडू लागले. काका टाकीसमोर उभे राहून म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही. तुझा हात लागला आणि सगळं मरायला लागलं." परीक्षेआधी खोली सोड, हेही सांगितलं.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "गप ऱ्हा. लई बोलू नको." मी आयुष्यभर गपच होतो. पण आता मला नुसती खोली नको होती. चूक कोणाच्या हाताची, हे त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

खारटपणा तपासला, ठीक होता. अल्कलिनिटी, कॅल्शियम, नायट्रेट, सगळं ठीक. मासे मात्र मजेत पोहत होते. मासे जगतात आणि बिनकण्याचे जीव मरतात, असं काय असेल, हे शोधत मी वाचत गेलो आणि एका शब्दावर थांबलो. तांबं. सोलापूरच्या मासेवाल्याकडून तांबं तपासायचं किट मागवलं.

रविवारी दोघांना टाकीसमोर बोलावलं. तीन कुप्या ठेवल्या: टाकीचं पाणी, घागरीतलं आणि थेट फिल्टरचं. शेवटच्या दोन काकूंनाच भरायला लावल्या, किटमधल्या औषधाचे थेंबही त्यांनाच टाकायला लावले. तांबं असेल तर पाणी निळं होतं, हे आधीच सांगितलं. फिल्टरचं पाणी तसंच राहिलं. टाकीचं निळसर झालं. घागरीचं गडद निळं.

काकांनी उपाय विचारला. मी सांगितला: घागर बंद, पाणी थोडं थोडं बदला, टाकीच्या फिल्टरमध्ये कार्बन टाका.

"मग कर ना," ते म्हणाले.

"माझा हात नको, काका. काकूंच्या हातानं गेलंय, त्यांच्याच हातानं निघू द्या."

खोली सोडायचं मग कोणी काढलं नाही. काकू पदर खोचून बादलीनं पाणी उपसत होत्या. भाजी चिरताना कापलेलं बोट मिठानं चुरचुरत होतं, त्या मध्येच हात झटकत होत्या. मी उंबऱ्यापाशी उभा राहून किती उपसायचं ते सांगत होतो. बादली जड होती. मी ती धरली नाही.

तेव्हा बरं वाटलं. अजूनही वाटतं.