तीन महिने जपायच्या टेपा

आधी विद्यापीठाच्या कायदा विभागातल्या काकांचं सांगते. ते नसते तर तंजावरमधली माझी नोकरी गेलीच होती. काका तिथलेच, कित्येक पिढ्यांचे मराठी. बोलण्याला हेल मात्र तमिळ.

माझी शाळा सातवीत सुटली. सोनं गाळायचं काम करणाऱ्या नवऱ्यामागे मी सांगलीकडून इतक्या लांब आले आणि विद्यापीठाच्या नव्या रेडिओ केंद्रात लागले. वाजून झालेली टेप घ्यायची, चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवायची. तमिळ बोलता यायचं, लिहिता येत नव्हतं. हे कुणाला सांगितलंच नव्हतं. चिठ्ठ्या मराठीत लिहायची.

एक दिवस कळलं, सोमवारी दिल्लीचे निरीक्षक टेपा तपासणार. आता माझ्या मराठी चिठ्ठ्या उघड्या पडणार. काकांकडे धावले.

"टेपा कशाला बघतात हो?"

"आकाशातल्या रेडिओच्या लहरी सरकारच्या, अम्मा. आपल्याला शिकवायापुरत्या दिल्यात. बातमी नको, जाहिरात नको. वाजवलं ते तीन महिने ठेवायचं. कोणी तक्रार केली नि टेप सापडली नाही, तर परवाना जाईल."

भीती राहिली बाजूला. "मग भाताच्या धड्यात जवळच्या पापनाशम गावचा शेतकरी भावाच्या दुकानातलं बियाणं घ्या म्हणाला, ती जाहिरात?"

काका हसले. "तुलाच निरीक्षक करायाला हवं! आण ती टेप."

आणली. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट फिरवली. "हे काय?"

"मराठी, काका. तुमचीच."

"बोलायाची माझी. वाचायाची नाही."

मग मला सगळं कबूल करावं लागलं. वाटलं, आता वर कळवणार. ते म्हणाले, "सेरी, बरं. तू वाच, मी इंग्रजीत लिहितो."

दोन दिवस आम्ही कपाटापुढे बसलो. बियाण्याचं वाक्य त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून टेपेला जोडलं. "आपणच दाखवू. त्यांनी शोधून काढलं तर वाईट."

सोमवारी निरीक्षकांनी मागितलेली प्रत्येक टेप मी काढून दिली. इंग्रजी चिठ्ठीखाली माझी मराठी होतीच. बियाण्याचा कागद वाचून ते म्हणाले, पुन्हा वाजवताना वाक्य कापा. सही करून गेले.

जाताना काका हळूच म्हणाले, "घरी आजोबांची वही आहे. असलीच अक्षरं. आमच्यात कोणाला कळत नाहीत."

लगेच नवऱ्याचं काम दुसऱ्या गावी हललं. वही राहून गेली.

काका, मी येणार आहे. वही वाचून दाखवणार नाही, अक्षरं शिकवीन. पहिलं पान तुम्हीच वाचायचं.