न दिसणारी मॅच

अमेरिकेतल्या डब्लिनला एका शनिवारी मी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. वेटिंग रूमच्या टीव्हीवर एका मोठ्या विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच चालली होती. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या अमेरिकन बाई मात्र फोनकडे बघत होत्या. त्यावर नुसता स्कोअर होता. त्या सारखी स्क्रीन बोटाने खाली ओढायच्या आणि आकडा बदलतो का ते बघायच्या.

त्यांची नात त्या वेळी एका छोट्या कॉलेजकडून सॉकर, म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल, खेळत होती. मागच्या मोसमात डोक्याला मार लागून ती मैदानातच बेशुद्ध पडली होती. तेव्हा निदान तिची मॅच फोनमधल्या एका ॲपवर थेट दिसायची. यंदा ॲपने मोठ्या कॉलेजांच्या कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचे गट, ठेवल्या आणि नातीच्या कॉलेजची छोटी कॉन्फरन्स वगळली.

"स्कोअर कळतो हो," त्या मला म्हणाल्या, "पण ती पडली तर उठली का, ते कोण सांगणार?"

नातीची मॅच संपली तरी तिचा फोन येईना. आता माझंही लक्ष त्यांच्या फोनवरच लागलं. शेवटी फोन वाजला, पण तो घ्यायचा त्यांना धीर होईना; त्यांनी तो माझ्याकडेच दिला. मी घाबरतच स्पीकर लावला.

"ग्रँडमा, आम्ही हरलो," पलीकडून मुलगी रडत म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. कुणी हरल्याचं ऐकून माझा जीव असा भांड्यात पडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.